राजीनाम्याचा ग्वाल्हेरी अर्थ

ग्वाल्हेरला आठवडाभर राहून किल्ला न चढता परत आलेली बाई म्हणून आमच्या साताऱ्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात सध्या माझी टिंगल चालू आहे. चालू द्या. किल्ला मी रोज बघत होते, मावसबहिणीच्या गच्चीवरून. माघातल्या धुक्यातून आधी वरचे बुरूज दिसायचे आणि मग हळूहळू खालचा कडा. चढायला सवड झाली नाही, ती का झाली नाही हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

मी सबंध नोकरी सरकारी वकील म्हणून केली. खटल्याच्या कागदावर 'सरकार विरुद्ध अमुक तमुक' असं असतं, आणि पुकारा झाला की 'सरकारतर्फे' म्हणून उभी राहायची ती मी. निवृत्त होऊनही सवय जात नाही. दूधवाला नुसता म्हणाला, 'सरकार काही करत नाही', तरी मला वाटतं, मेला मलाच बोलला. म्हणून तर ग्वाल्हेरहून भाचीचा फोन आला तेव्हा मी एका पायावर तयार झाले.

"उमा मावशी, तुम्ही या. एक केस आहे," ऋचा म्हणाली. "म्हणजे केस पण नाही आहे, वो ही तो दिक्कत आहे."

दर्पण कॉलनी

नीलिमा ही माझ्या धाकट्या मावशीची मुलगी. मावशी साताऱ्याहून लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली ती तिथलीच झाली, आणि नीलिमाला सासरही गावातलंच मिळालं. तिच्या सासरचे पूर्वज दख्खनेतून शिलेदार म्हणून आलेले. तिचे यजमान श्रीकांतराव विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि गुडघ्यांनी हैराण. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरात सगळे मराठी बोलतात. आता मराठी म्हणजे काय, तर कणीक मराठी आणि सारण हिंदी.

"ताई, तू आधी आंघोळ करून घे, पाणी गर्म आहे. मग नाश्ता लावते," नीलिमा म्हणाली.

नाश्त्याला बेडई होती. उडदाच्या डाळीचं तिखट सारण भरलेली फुगीर पुरी आणि वर हिंगाचा वास मारणारी बटाट्याची पातळ भाजी. साताऱ्यात सकाळी सकाळी कोणी तळलेलं पुढ्यात ठेवलं तर मी नाक मुरडते. इथे मागून घेतली.

ऋचा त्यांची एकुलती एक मुलगी, उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात वकिली करते. हुशार, तापट, आणि बोलता बोलता मराठीची गाडी हिंदीच्या रुळावर कधी जाते ते तिचं तिलाही कळत नाही. तिच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "मला अजून शिक्षा घ्यायची होती मावशी, पण पप्पा बोलले, बहुत झालं."

मी कप खाली ठेवला. "अगं, वकिलाने शिक्षा घ्यायची नसते, दुसऱ्याला द्यायला लावायची असते!"

ती बघतच राहिली. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपली शिक्षा म्हणजे दंड, हे तिला समजावून सांगितल्यावर मायलेकी पोट धरून हसल्या. मीही हसले. हिंदी आणि मराठीचे शब्द इथे एकाच तोंडवळ्याचे आणि वेगळ्या स्वभावाचे असतात, एवढी खूणगाठ मी तेव्हाच बांधायला हवी होती.

मग ऋचाने काय ते सांगितलं.

चंबळच्या खोऱ्यात डाकू हा शब्द चालत नाही, बागी म्हणायचं. बागींच्या टोळ्या, त्यांच्या मागावर पोलीस, दोघांच्या मध्ये खबरे, आणि सगळ्यांच्या मध्ये गावं. दिवेलागणीला दारं लावून घेणारी एक पिढी त्यात गेली. त्याला युद्ध असं कोणी म्हटलं नाही, पण युद्धानंतर जे जे होतं ते सगळं तिथे झालं. शस्त्रं खाली ठेवण्याचे सोहळे झाले, गळ्यात हार पडले. बागींचं पुनर्वसन झालं, कोणाला जमीन मिळाली, कोणाला मान. ज्यांचा माणूस मारला गेला, घर जळलं, जनावर गेलं, त्यांना 'दस्यु-पीडित' म्हणून नोंदलं गेलं. ते योग्यच झालं. बायकांवर जे ओढवलं होतं ते मात्र कोणी विचारलं नाही.

ऋचाची अशील त्यातली एक. लग्न झालेली एकोणीस वर्षांची मुलगी, माहेरी आलेली असताना टोळीने उचलून नेली. महिन्याभराने रानातून चालत परत आली. आज तिचे केस पांढरे झालेत.

"तिची माँग एकच आहे," ऋचा म्हणाली. "सरकारने तिला दस्यु-पीडित मानावं. बस. अर्ज केला, या हफ्त्यात सुनवाई आहे. मावशी, सरकार कसं सोचतं ते तुम्हाला माहीत आहे ना. त्यांच्या साइडने काय काय निघेल, ते सांगा मला."

"इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं ते?" नीलिमा ताटं आवरता आवरता म्हणाली. "बिचारीचं वय झालं. लोक काय काय बोलतील."

 हे वाक्य मी साताऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात इतक्या वेळा ऐकलं आहे की बोलणाऱ्याचा राग येणंही थांबलं आहे. बहुतेक वेळा ते मायेपोटी म्हटलेलं असतं.

बाईचं खरं नाव मी इथे देणार नाही, गावाचंही नाही. कायदाच आहे तसा. तिला विचारलं, लिहिताना तुमचं नाव काय ठेवू? ती म्हणाली, बैजंती. लहानपणी हेच नाव हवं होतं म्हणे, आजीने दुसरंच ठेवलं.

नई सडक

सुनावणीला अवकाश होता म्हणून नीलिमा मला लष्करात घेऊन गेली. लष्कर म्हणजे इथे छावणी नव्हे, शहराचा भाग. मराठी फौजेने तळ दिला, तळाची वस्ती झाली, वस्तीचा बाजार झाला, नाव लष्करच राहिलं. माधवगंजातल्या देवळात नीलिमाने नमस्कार केला, मी चपलांजवळ थांबून ऊन खाल्लं, आणि मग आम्ही नई सडकेवर गजक घ्यायला गेलो. तीळ आणि गूळ कुटून कुटून केलेली ही वडी आपल्या चिक्कीच्या नात्यातली, पण दाताखाली ठेवली की नुसती विरघळते. आपली चिक्की भांडखोर आहे, हिचा स्वभाव गरीब.

शेजारच्या कापडाच्या दुकानात एक टोपीवाले म्हातारे बसले होते. आम्ही मराठीत बोलताना ऐकून त्यांनी हाक मारली. "सातारहून आलात? वा वा! आमचे पूर्वज तिकडचेच हो. लढाईला आले होते. परतीचा हुकूम अजून नाही आला, तोपर्यंत धोतरजोड्या विकून राहिलो आहे." आणि स्वतःच गडगडून हसले. आम्हाला बसवून घेतलं, चहा पाजला, आणि आपली वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवली. अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा, सगळे स्वार आणि जमादार.

"आणि बायका?" मी विचारलं.

"बायका काय, होत्याच की," ते म्हणाले. "मागून आल्या असतील."

नीलिमाने मला कोपराने ढोसलं. मी गप्प बसले, म्हातारे फार गोड होते. पण मनात आलं, कुठलीही फौज तीनशे कोस चालत येते तेव्हा वाटेतल्या गावांतल्या बायकांचं काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आपली होती म्हणून ती फौज वेगळी नसणार. वंशावळीत ते कोणी लिहीत नाही, आपणही नाही. परत येताना रिक्षात मी नीलिमाला हे बोलून दाखवलं. तिने गजकेची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

बीहड

बैजंतीच्या गावी ऋचाने गाडी स्वतः चालवत नेली. मी आणि ती, दोघीच. शहर सुटलं की दोन्हीकडे मोहरी. इतकं पिवळं मी आयुष्यात एका ठिकाणी पाहिलं नव्हतं. मग ती सपाटी एकाएकी संपते आणि खाली बीहड लागतं. नदीने आणि पावसाने जमीन अशी खाऊन टाकली आहे की नुसत्या मातीच्या कपारी, घळी आणि त्यांच्या घड्या दिसतात. वर बाभळीचं काटेरी झुडूप. आत दहा पावलं गेलेला माणूस बाहेरून दिसत नाही. आपल्या घाटात माणूस लपला तरी वरच्या वाडीतून कोणीतरी हाक मारतो. इथे हाक मातीतच जिरत असावी.

गावाच्या फाट्यावर चहाची टपरी होती. ऋचा म्हणाली, "तुम्ही पिऊन घ्या, मी गाडीतच बसते." मला वाटलं, पोरीचं डोकं दुखत असेल. टपरीवर एक उंच म्हातारा बसला होता. पांढऱ्या भरघोस मिशा, स्वच्छ धोतर, खांद्यावर शाल. मला बघताच तो उठला, बाक पुसून दिला, टपरीवाल्याला सांगून माझ्या चहात आलं घालायला लावलं. कुठून आलात, मुलंबाळं किती, साताऱ्याला पाऊस किती, सगळं आस्थेने विचारलं. शहरातून आलेली दोन तरुण मुलं मोबाइलवर त्याचं बोलणं टिपत होती. तो त्यांना बीहडातल्या वाटा, पोलिसांना दिलेल्या हुलकावण्या रंगवून सांगत होता. सांगण्याची हातोटी तर अशी की मीही चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले. निघताना त्याने हात जोडून म्हटलं, "फिर पधारियो."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काय माणूस आहे गं!"

ऋचाने गाडी सुरू केली. "मावशी, वो ही आहे. टोळीचा मुखिया."

 आल्याची चव जिभेवरून जाता जाईना.

गाडी जिथपर्यंत जाते तिथून पुढे घळीतून उतरावं लागतं. त्या भुसभुशीत मातीत माझा पाय घसरला, मी बसकण मारली आणि चपलेचा अंगठा तुटला. बैजंतीच्या अंगणात मी पोचले ती एक चप्पल हातात घेऊन. ती गोवऱ्या थापत होती. मला त्या अवतारात बघून ती आधी हसली आणि मग तिने पाणी दिलं. ठेंगणी, काटक बाई. भावाच्या घराच्या कडेला तिची स्वतःची खोली आणि दोन म्हशी. नवऱ्याने तिला तेव्हाच टाकलं होतं. तूप विकून ती जगते, आणि तिच्या तुपाला शहरातून माणसं येतात, हे तिने मला पहिल्या पाच मिनिटांतच ऐकवलं.

मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, त्या वेळी तक्रार झाली होती का, पुढे काय झालं?

"बाप थाने गओ हतो," ती म्हणाली. "फिर का होतो? राजीनामा हो गओ."

मी वकिली थाटात मान हलवली. बरं, म्हणजे बाई तेव्हा कुठेतरी नोकरीला होती. बदनामीमुळे सोडावी लागली असणार. मी म्हटलं, "अरेरे. कौनसी नौकरी थी?"

तिचा शेणाने माखलेला हात हवेत थांबला. "नौकरी?"

"जिसका राजीनामा दिया."

बैजंतीने ऋचाकडे पाहिलं, ऋचाने कपाळाला हात लावला. "मावशी! राजीनामा म्हणजे... समझौता. तडजोड. कोर्टात पण यही बोलतात इथे."

आणि मग बैजंती जी हसायला लागली! पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भैंसन की नौकरी में राजीनामा कोऊ देत है का, बाईजी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तिच्या हसण्याला आवर नव्हता, शेवटी मीही हसले.

हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "तो तुमाए देस में राजीनामा का होत है?"

मी सांगितलं. माणूस खुर्चीवर असतो, काम त्याच्याकडे असतं, आणि तो लिहून देतो की हे माझ्याच्याने होत नाही, मी चाललो. की तो घरी जातो. त्याला आम्ही राजीनामा म्हणतो.

"काम छोड़ के भग जाबो," ती म्हणाली.

"हां. वही."

 ती पुन्हा गोवऱ्या थापायला लागली, आणि थापता थापताच तिने तो दिवस सांगितला. पंच आले, मुखियाच्या घरचे आले, वर्दीतलाही एक माणूस येऊन खाटेवर बसला. बोलणी अंगणात झाली. बापाने अंगठा दिला. आमच्याकडे तडजोड झाली की फार तर चहा होतो. इथे राजीनामा पक्का करायला दोन्ही बाजूंनी एका पंगतीत जेवायचं असतं. आणि घरात हिंडतं-फिरतं बाईमाणूस एकच होतं. आई तापाने पडलेली.

"मैं भीतर पूड़ी बेल रही हती," बैजंती म्हणाली. "मोसे काऊ ने नईं पूछी."

तिला कोणी विचारलं नाही. ती आत त्यांच्यासाठी पुऱ्या लाटत होती. त्यानंतर तिने पुरी खाल्लेली नाही.

"और एक बात," ती म्हणाली. "जा रात मोए ले गए, वाई रात हमाई भैंस खोल ले गए. बाद में भैंस लिखी गई. बाप कों भैंस को पीड़ित मानो गओ. भैंस लिखी गई बाईजी, मैं नईं लिखी गई."

मी आयुष्यात पुष्कळ साक्षी ऐकल्या आहेत. ऐकताना चेहरा हलू द्यायचा नाही, हे आमचं पहिलं शिक्षण. त्या अंगणात माझा चेहरा हलला आणि मी तो हलू दिला. तिने मग बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी खायला घातली, वर तुपाचा गोळा. ते तूप खरंच ती म्हणाली होती तसंच होतं.

सुनावणी

माझी चप्पल गेली ती गेलीच, आणि नीलिमाचा पाय माझ्याहून लहान. त्यामुळे सुनावणीला मी श्रीकांतरावांचे बूट घालून गेले, आत कापूस कोंबून. चालताना फटक फटक आवाज यायचा. त्या सकाळी बैजंती गावाहून थेट दर्पण कॉलनीत आली होती. नीलिमाने पाहुणी येणार म्हणून पुऱ्यांची कणीक भिजवून ठेवली होती. मी तिला ओट्याशी गाठून हळूच कारण सांगितलं.  तिने ती कणीक झाकून आत ठेवली, दुसरी भिजवली आणि तव्यावर पोळ्या केल्या. बैजंती जेवत असताना ती शेजारी पाट घेऊन बसली आणि आग्रह करकरून वाढत राहिली. 'कशाला उकरायचं' हे मी नंतर तिच्या तोंडून ऐकलं नाही.

ऋचाकडून मी दोन दिवस घोकून घेतलं होतं. मुद्दा सरळ होता आणि माझा त्यावर पुरा भरवसा होता. अशा गुन्ह्यात तडजोड मुळात चालतच नाही. का? कारण फिर्याद बाईची उरत नाही, सरकारची होते. बाई साक्षीदार असते. भांडण सरकारचं असताना ते मिटवायला बाईचा बाप कोण आणि पंच कोण?

जिल्ह्याच्या कचेरीतल्या एका खोलीत सुनावणी होती. लांब टेबल. एका बाजूला अधिकारी, त्यांच्या उजव्या हाताला खात्याची माणसं, समोर अर्जदारांच्या खुर्च्या. शिपायाने पुकारा केला, आणि मी उठले आणि फटक फटक चालत जाऊन उजव्या बाजूला उभी राहिले. कोर्टात सबंध हयात जिथे उभी राहिले तिथे पाय आपोआप गेले. माझ्या लक्षातही आलं नाही.

"आप विभाग से हैं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बैजंतीचा आवाज आला, "बाईजी, उतै काए ठाढ़ी हो? इतै आओ."

खोलीत हशा पिकला. मी माझे मोठे बूट घेऊन टेबलाला वळसा घातला आणि तिच्या शेजारी येऊन बसले. सरकारच्या समोरच्या बाजूने सरकार कसं दिसतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

अधिकारी तरुण होते, सभ्य होते. ऋचाने कायदा नीट मांडला, एक अक्षर हिंदीचं मराठीत किंवा मराठीचं हिंदीत गेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण दस्यु-पीडित योजनेत मृत्यू आहे, जाळपोळ आहे, पशुधन आहे. हे त्यात बसत नाही. शिवाय इतक्या वर्षांपूर्वी दोन्ही पक्षांत राजीनामा झाला, सगळे संतुष्ट होते, शांतता झाली. आता शासन काय करणार?

ऋचा उत्तर द्यायला उठत होती. बैजंतीने तिचा हात धरून खाली बसवलं आणि स्वतः उठली.

"साब, सब संतुष्ट हते. मैं भीतर पूड़ी बेल रही हती."

 मग तिने माझ्याकडे बोट केलं.

"जे बाईजी दक्खन की हैं. इनके देस में राजीनामा को मतलब दूसरो है. कुर्सी पे बैठो आदमी काम छोड़ के घरै चलो जाए, बाए राजीनामा कहत हैं." ती थांबली. "तो साब, वो राजीनामा मैंने नईं दओ. मेरे बाप ने भी नईं दओ. वो सरकार ने दओ हतो. थाने में जो बैठो हतो, बाने दओ. मैं तो जाई कहबे आई हूँ के सरकार अपनो राजीनामा वापस ले ले."

 दोन दिवस घोकवलेला माझा सबंध मुद्दा तिने माझ्याच चुकीतून काढून टेबलावर ठेवला होता, आणि माझ्यापेक्षा चांगला ठेवला होता. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी सभ्यता सोडून टेबलावर थाप मारली.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग त्यांनी मला विचारलं, खरंच तुमच्याकडे असा अर्थ आहे? मी म्हटलं, आहे, साहेब, आणि मी स्वतः सरकार होते, म्हणून खात्रीने सांगते. ते किंचित हसले. मग टंकलेखकाकडे वळून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवेदिकेचं म्हणणं तिच्याच शब्दांत नोंदवा. अपहरण आणि अत्याचार, होय, अत्याचार हाच शब्द घाला. तिला पीडित मानावं अशी शिफारस. आणि शेवटी, सावकाश, एकेक शब्द तोलून: "शासन उक्त राजीनामे से बाध्य नहीं है."

शिफारस भोपाळला जाणार, तिथे मंजूर व्हायला हवी, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही. मला तो माणूस आवडला.

बाहेर व्हरांड्यात बैजंतीने माझी बाही ओढली. "आखिर में का लिखाओ बाने?"

कायद्याची हिंदी मला येत नाही आणि तिचीही मला येत नाही. मी आपलं जमेल तसं सांगितलं, "सरकार बोलती है, मेरा राजीनामा मैंने वापस लिया."

तिने ऊन पडलेल्या पायरीवर बसून चपला घातल्या. "तो अब काम पे आ जाए," ती म्हणाली.

साताऱ्याला परत

मी आले त्याला आता काही महिने झाले. श्रीकांतरावांचे बूट चुकून माझ्याबरोबर आले, ते कुरिअरने परत पाठवले. नीलिमा प्रत्येक फोनवर किल्ल्याची आठवण करून देते. शिफारस भोपाळला आहे. अजून होकार नाही आणि नकारही नाही. ऋचा दर पंधरा दिवसांनी चौकशीचं पत्र धाडते, आणि काय लिहायचं ते मला विचारणं तिने आता बंद केलं आहे, ही चांगली खूण. तिच्याकडे त्याच खोऱ्यातल्या आणखी दोघी येऊन गेल्या. एक फक्त पाणी पिऊन गेली. दुसरी बोलली.

होकार येईल असं मला वाटतं. मी त्या खुर्चीच्या बाजूने आयुष्य काढलं आहे. एकदा सरकारच्या कागदावर उमटलेलं वाक्य पुसणं सरकारलाही अवघड जातं, हे मला माहीत आहे. तोवर बैजंती काही स्वस्थ बसलेली नाही. दर मंगळवारी कचेरीत गाऱ्हाणी ऐकतात. ती तूप पोचवायला शहरात येते ती त्याच दिवशी, आणि त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. काही मागत नाही. शिपायाने एकदा विचारलं, अम्मा, काय काम आहे? तेव्हा तिने जे उत्तर दिलं ते तिने ऋचाकरवी मलाही कळवलं आहे.

"बाईजी से कहियो, हम सरकार की हाजिरी ले रहे हैं."